केसतूड की आत वळलेला केस? दुखणी तीन, मलम मात्र एकच

नवी दिल्ली : दाढी केल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हनुवटीखाली किंवा मानेवर लालसर, टोचणारी पुळी उठली की दिल्लीत तिला सरसकट ‘बालतोड’ म्हटले जाते. महाराष्ट्रात तिचे नाव केसतूड. केस तुटला, मुळाशी जखम झाली आणि तिथे गळू धरले, असा या दोन्ही शब्दांमागचा समज आहे. तो अगदीच निराधार नाही. मात्र या एका नावाखाली प्रत्यक्षात तीन निरनिराळी दुखणी लपलेली असतात : जिवाणूंमुळे होणारे गळू, त्वचेत आत वळलेला केस आणि बुरशीमुळे होणारा दाढीचा नायटा. तिन्हींची कारणे वेगळी आणि उपचारही वेगळे.

गोंधळ केवळ नावापुरता असता तर फारसे बिघडले नसते. परंतु पुळी दाखवून औषध दुकानातून मलम मागितले की अनेकदा प्रतिजैविक, बुरशीनाशक आणि तीव्र स्टेरॉइड अशा तिन्हींचे मिश्रण असलेली एकच नळी हाती येते. दोन दिवसांत लाली ओसरते, म्हणून तेच मलम पुन्हा आणले जाते. काही महिन्यांनी मूळ पुळीपेक्षा मलमाने केलेले नुकसान मोठे ठरते. त्यामुळे पुळीचे निदान आधी आणि मलम नंतर, हा क्रम महत्त्वाचा आहे.

केस आत का वळतो?

प्रत्येक केस त्वचेतील एका बारीक नळीसारख्या पोकळीतून वर येतो. तिला रोमकूप म्हणतात. केस सरळ असेल तर तो सहसा अडथळ्याविना बाहेर पडतो. ज्यांचा केस जाड आणि कुरळा असतो, त्यांच्यात रोमकूपही वक्र असतो. अशा केसाचे कापलेले टोक बाहेर येऊन कमानीसारखे वळते आणि शेजारच्या त्वचेत पुन्हा शिरते. दुसऱ्या प्रकारात केस बाहेर येतच नाही. त्वचा ताणून अगदी खोलवर दाढी केली की कापलेला केस पृष्ठभागाखाली जातो आणि वाढताना त्याचे अणकुचीदार टोक रोमकुपाच्याच भिंतीला छेदते.

दोन्ही प्रकारांत शरीर या केसाला परका पदार्थ समजते. काटा रुतल्यावर जसा दाह होतो, तसाच इथेही होतो. पुळी लाल होते, खाजते, कधी तिच्यात पूही दिसतो. पण सुरुवातीला तो जिवाणूंमुळे झालेला नसतो. दाढीच्या भागात अशा अनेक पुळ्या वारंवार येऊ लागल्या की त्या अवस्थेला वैद्यकीय भाषेत ‘स्यूडोफॉलिक्युलायटिस बार्बी’ म्हणतात. रोमकुपाच्या संसर्गासारखा दिसणारा, पण मुळात संसर्ग नसलेला दाढीचा विकार, असा या नावाचा अर्थ आहे.

आनुवंशिकतेचाही यात वाटा आहे. रोमकुपाच्या आतील आवरणाला आधार देणाऱ्या ‘केराटिन ७५’ या प्रथिनाच्या जनुकात एक छोटा बदल असलेल्या व्यक्तींमध्ये या विकाराची शक्यता सुमारे सहापट असते, असे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. आफ्रिकी वंशाच्या पुरुषांत हा त्रास सर्वाधिक दिसतो. भारतीयांमध्ये डोक्याचे केस सरळ किंवा लहरी असले, तरी दाढीचे, काखेतले आणि जांघेतले केस पुष्कळदा जाड व वळणदार असतात. त्यामुळे आपल्याकडेही हा त्रास दुर्मीळ नाही.

दिल्लीच्या हवेत भर घालणारी कारणे

राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात ऋतू टोकाचे आहेत. जुलै-ऑगस्टच्या दमट उकाड्यात घाम आणि घट्ट कॉलर यांनी मानेची त्वचा सतत घासली जाते. हिवाळ्यात हवा कोरडी होते, त्वचेवरील मृत पेशींचा थर साचतो आणि रोमकुपाचे तोंड बुजते. त्यावर लोकरी मफलर घासतो. गुरुग्राम, नोएडा, गाझियाबादच्या अनेक वसाहतींत भूजल वापरले जाते. ते क्षारयुक्त आणि जड असल्याने साबणाला पुरेसा फेस येत नाही. फेस कमी, केस पुरेसा मऊ न झालेला आणि ब्लेड जुने असले की तीच जागा पुन:पुन्हा खरवडली जाते.

जुना राजिंदरनगर किंवा मुखर्जीनगर भागात स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी महाराष्ट्रातून आलेल्या तरुणांना याचा अनुभव येऊ शकतो. हिवाळ्यात गार पाण्याने घाईत केलेली दाढी, तेच ब्लेड कित्येक दिवस वापरण्याची सवय आणि मुलाखतीच्या आदल्या दिवशी ‘अगदी गुळगुळीत’ दाढीचा आग्रह, या तिन्ही गोष्टी केस आत वळण्यास पोषक आहेत.

तिघांतला फरक कसा ओळखावा?

आत वळलेल्या केसाच्या पुळ्या सहसा लहान असतात आणि दाढी केलेल्या भागातच येतात. मान, जबड्याखालची जागा आणि हनुवटी ही त्यांची मुख्य ठिकाणे. नीट पाहिल्यास पुळीच्या मध्यभागी किंवा त्वचेखाली केसाची काळी कमान दिसते. दाढी काही आठवडे थांबवली की त्या कमी होतात, ही त्यांची महत्त्वाची खूण.

खरे केसतूड म्हणजे गळू. ते बहुधा ‘स्टॅफिलोकोकस ऑरियस’ या जिवाणूमुळे होते. ते मोठे, गरम आणि ठणकणारे असते, काही दिवसांत पिकते आणि फुटते. केस उपटल्याने किंवा घर्षणाने रोमकुपाला इजा झाली तर जिवाणूंना वाट मिळते. लोकसमजातील तथ्य एवढेच; तुटलेला केस स्वतः गळू निर्माण करत नाही. गळवे वारंवार होत असतील तर रक्तातील साखर तपासणे आवश्यक असते, कारण मधुमेहात असे संसर्ग अधिक होतात. नाक आणि वरचा ओठ यांभोवतीचे गळू कधीही पिळू नये. या भागातील शिरांचा मेंदूच्या तळाशी असलेल्या शिरांशी संबंध असतो. तिथून संसर्ग पसरणे दुर्मीळ असले तरी ते जिवावर बेतू शकते.

तिसरा प्रकार नायट्याचा. त्यात खाजणारे, कडेने पसरत जाणारे चट्टे दिसतात. दाढीतील केस सैल होऊन सहज निघतात, कधी सुजलेल्या गाठीही येतात. गेल्या दशकभरात देशात नायट्याची हट्टी रूपे वाढली आहेत. त्यांच्याशी निगडित बुरशीच्या एका प्रकाराला २०२० मध्ये जपानी संशोधकांनी ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असे नाव दिले. या बुरशीचे अनेक नमुने टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला दाद देत नाहीत.

दोन दिवसांचा दिलासा

तीव्र स्टेरॉइड दाह दाबते. त्यामुळे तिन्ही दुखण्यांत सुरुवातीला लाली आणि खाज कमी होते आणि रोग बरा होत असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात रुतलेला केस तिथेच असतो, जिवाणूंना आणि बुरशीला मात्र मोकळे रान मिळते. नायट्यावर स्टेरॉइड लावल्यास त्याचे रूपच बदलते आणि अनुभवी डॉक्टरलाही निदान कठीण जाते. चेहऱ्यावर हा वापर लांबला की त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुमांसारखे पुरळ उठते, नको तिथे केस वाढतात. मलम थांबवताच चेहरा भाजल्यासारखा लाल होतो, म्हणून रुग्ण पुन्हा त्याच नळीकडे वळतो.

भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने या गैरवापराविरुद्ध दीर्घकाळ मोहीम चालवली आहे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये स्टेरॉइड असलेल्या १४ बाह्य वापराच्या औषधांचा समावेश अनुसूची ‘एच’ मध्ये केला. याचा अर्थ डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरीही ग्राहकाने नाव सांगताच नळी काढून देण्याची सवय अद्याप गेलेली नाही. खरेदी करताना वेष्टनावरील घटकांत क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी नाव दिसले, तर ते मलम चिठ्ठीविना चेहऱ्यावर लावू नये, एवढी खबरदारी कोणालाही घेता येईल.

उपचाराची सुरुवात दाढी थांबवण्यापासून

आत वळलेल्या केसावरचा पहिला उपचार विनामूल्य आहे : सुमारे चार आठवडे दाढी न करणे. यामागे साधे गणित आहे. दाढीचा केस दिवसाला साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर वाढतो, म्हणजे चार आठवड्यांत जवळपास एक सेंटीमीटर. एवढी लांबी झाली की केसाची कमान स्प्रिंगसारखी ताणली जाते आणि रुतलेले टोक बहुधा आपोआप बाहेर येते. पहिल्या आठवड्यात पुळ्या वाढल्यासारख्या वाटतात, कारण नुकतेच कापलेले केस अजून आत शिरत असतात. याच टप्प्यावर अनेकांचा धीर सुटतो.

या काळात कोमट पाण्यात भिजवून पिळलेले स्वच्छ कापड पुळ्यांवर दिवसातून दोन-तीन वेळा, प्रत्येकी दहा मिनिटे ठेवावे. केसाची कमान त्वचेबाहेर स्पष्ट दिसत असेल तर निर्जंतुक सुईने तिचे टोक अलगद वर उचलता येते. मात्र केस उपटू नये. उपटलेल्या केसाच्या जागी येणारा नवा केस पुन्हा त्वचेखालूनच वाट काढतो आणि तो रोमकुपाला छेदण्याची शक्यता अधिक असते. त्वचा खणून केस शोधणे तर सर्वांत घातक; त्यातून संसर्ग होतो आणि कायमचा व्रण राहतो.

एवढ्याने भागले नाही तर डॉक्टर औषधे देतात. अॅडापॅलिन किंवा ट्रेटिनॉइन ही रात्री लावायची औषधे रोमकुपाचे तोंड मोकळे ठेवतात. गर्भवतींनी ती वापरू नयेत. ग्लायकोलिक आम्ल मृत पेशींचा थर कमी करते. जिवाणूंचा संसर्ग जडला असल्यास बेंझॉइल पेरॉक्साइड आणि क्लिंडामायसिन उपयोगी पडतात. यांपैकी पहिल्याने टॉवेल आणि उशीच्या अभ्र्याचा रंग उडतो, हे लक्षात ठेवावे. दाह फारच असेल तर डॉक्टर सौम्य स्टेरॉइड मोजके दिवस देऊ शकतात. औषधाची तीव्रता आणि मुदत दोन्ही ठरलेली असल्याने हा वापर दुकानातून परस्पर आणलेल्या नळीपेक्षा वेगळा ठरतो.

सावळ्या त्वचेवर पुळी गेल्यावरही काळा डाग महिनोन्‌महिने टिकतो. उन्हाने तो गडद होतो. म्हणून एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिक क्षमतेचे सनस्क्रीन हा उपचाराचाच भाग मानला जातो.

दाढीची पद्धत बदलणे

पुळ्या ओसरल्यावर जुनीच सवय चालू ठेवली तर त्या परततात. दाढी शक्यतो आंघोळीनंतर करावी, कारण गरम पाण्याने केस फुगून मऊ होतो आणि त्याचे कापलेले टोक तितके अणकुचीदार राहत नाही. फेस लावून दोन-तीन मिनिटे थांबावे. ब्लेड केसांच्या वाढीच्या दिशेने चालवावे, त्वचा ताणू नये आणि एकाच जागी वारंवार ब्लेड फिरवू नये. मानेवर केसांची दिशा जागोजागी बदलते. दोन दिवसांच्या दाढीवरून बोट फिरवून ती आधी पाहून घ्यावी.

अनेक पात्यांच्या रेझरमध्ये पहिले पाते केस वर ओढते आणि पुढचे पाते तो त्वचेच्या पातळीखाली कापते. त्रास असलेल्यांना म्हणूनच एकपाती रेझर किंवा ट्रिमर सुचवला जातो. याबाबत सर्व अभ्यासांचा निष्कर्ष मात्र एकसारखा नाही. योग्य तयारी करून रोज दाढी करणाऱ्यांत त्रास वाढला नाही, असेही काही संशोधनात दिसले आहे. ट्रिमरने सुमारे एक मिलिमीटर खुंट ठेवल्यास केसाला आत वळायला संधीच मिळत नाही. ज्यांना व्यवसायामुळे गुळगुळीत दाढीची सक्ती नाही, त्यांच्यासाठी हा सर्वांत सोपा मार्ग.

सलूनमधील वस्तरा आणि तुरटी

दिल्लीत भिंतीला आरसा टांगून पदपथावर बसणाऱ्या कारागिरांपासून वातानुकूलित सलूनपर्यंत सर्वत्र दाढीनंतर ‘उलटा हात’ फिरवण्याची पद्धत आहे. ग्राहकालाही तोच नीट झालेल्या दाढीचा पुरावा वाटतो. वाढीच्या विरुद्ध दिशेने फिरणारा हा दुसरा हातच केसाला त्वचेखाली ढकलतो. तो नको, असे आधीच सांगणे योग्य.

ब्लेड दरवेळी नवे हवे, हे बहुतेकांना ठाऊक आहे. कारण केवळ पुळ्यांचे नाही : हिपॅटायटिस ‘बी’ चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस संसर्गक्षम राहू शकतो. तुरटीकडे मात्र दुर्लक्ष होते. ती बारीक कापण्यातून येणारे रक्त थांबवते, पण आत वळलेल्या केसावर तिचा उपाय चालत नाही. एकच खडा अनेकांच्या चेहऱ्यावर फिरत असेल तर तो टाळावा. मानेच्या मागची रेघ वस्तऱ्याने कोरून घेण्याच्या सवयीने काहींना तिथे कायमच्या कठीण गाठी येतात. अशांनी ती जागा ट्रिमरनेच काढून घ्यावी.

हा त्रास केवळ ग्राहकाचा नाही. कापलेले आखूड केस केशकर्तनकाराच्या बोटांच्या बेचक्यांत रुततात आणि तिथे वाहती जखम होते. वैद्यकीय साहित्यात १९४० च्या दशकापासून या व्यावसायिक आजाराची नोंद आहे. काम संपल्यावर बोटांमधली जागा धुऊन कोरडी करणे आणि रुतलेला केस लगेच काढणे, हा त्यावरचा प्रतिबंध.

स्त्रियांमधील त्रास

वॅक्सिंग, थ्रेडिंग आणि रेझर या तिन्हींमुळे स्त्रियांना पाय, काख, जांघ आणि हनुवटीवर हा त्रास होतो. वॅक्सिंगमध्ये काही केस मुळातून न निघता त्वचेखाली तुटतात आणि नंतर आतल्या आत वाढतात. दोन वॅक्सिंगच्या दरम्यान मऊ कापडाने हलके घासणे, नंतर एक-दोन दिवस घट्ट कपडे टाळणे आणि पुळ्या असलेल्या जागी पुन्हा वॅक्सिंग न करणे उपयोगी ठरते.

हनुवटीवर व ओठांवर जाड केस नव्याने येऊ लागले असतील, सोबत पाळी अनियमित असेल, तर प्रश्न केवळ त्वचेचा नसतो. बीजांडकोशाशी संबंधित ‘पीसीओएस’ या विकाराची तपासणी करून घ्यावी. मूळ कारणावर उपचार न करता केस उपटत राहिल्यास पुळ्या आणि डाग वाढतच जातात.

लेझर : उपयोगी, पण कोणाच्या हातून?

वारंवार होणाऱ्या त्रासावर लेझर हा प्रभावी उपाय आहे, कारण तो केसच विरळ आणि बारीक करतो. लेझरचा किरण केसातील रंगद्रव्याने शोषला जातो. सावळ्या त्वचेतही तेच रंगद्रव्य असल्याने चुकीच्या यंत्राने किंवा चुकीच्या मात्रेने त्वचा भाजते. म्हणून गडद त्वचेसाठी १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा ‘एनडी-याग’ लेझर अधिक सुरक्षित मानला जातो. साधारण चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने अनेक सत्रे लागतात. पांढऱ्या केसांवर त्याचा परिणाम होत नाही आणि ‘कायमचे केस जातील’ हे आश्वासन वस्तुस्थितीला धरून नसते.

राजधानी परिसरात अशी सेवा देणारी केंद्रे गल्लोगल्ली आहेत. सवलतीची जाहिरात पाहण्याआधी यंत्र कोणते, ते कोण चालवणार, नोंदणीकृत त्वचारोगतज्ज्ञ जागेवर असेल का आणि आधी लहान जागेवर चाचणी होईल का, हे चार प्रश्न विचारावेत. उत्तर टाळले गेले तर परत फिरणे स्वस्त पडते.

नोकरी आणि दाढीची सक्ती

सुरक्षारक्षक, हॉटेल कर्मचारी, विमानसेवा आणि गणवेशधारी दले यांत रोजची दाढी ही शिस्तीची बाब असते. वैद्यकीय कारण असलेल्यांची त्यात कोंडी होते. अमेरिकेत १९९३ मध्ये एका अपील न्यायालयाने पिझ्झा पुरवणाऱ्या एका साखळीला या विकाराच्या कर्मचाऱ्यांसाठी दाढीबंदीच्या नियमात सवलत देण्यास बांधील ठरवले होते. हा निकाल त्या देशातील भेदभावविरोधी कायद्याखालचा होता. आपल्याकडे व्यवहार्य मार्ग म्हणजे त्वचारोगतज्ज्ञाचे प्रमाणपत्र घेऊन काही आठवड्यांची सूट किंवा ट्रिमर वापरण्याची परवानगी मागणे.

बैठ्या कामातला धोका

केस त्वचेत शिरण्याचा आणखी एक प्रकार माकडहाडाजवळ दिसतो. सुटलेले केस घर्षणाने नितंबांमधील खाचेत रुततात आणि पू वाहणारा मार्ग तयार होतो. त्याला ‘पायलोनायडल सायनस’, म्हणजे केसांच्या घरट्याचा नाडीव्रण म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात सुमारे ८० हजार अमेरिकी सैनिकांना यासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागले. जीपमधील खडतर प्रवासाशी संबंध जोडून त्याला ‘जीपचा आजार’ असेच नाव पडले. आज तासन्‌तास बसून अभ्यास करणारे विद्यार्थी आणि वाहनचालक यांना त्याचा धोका असतो. तिथे वारंवार गाठ येत असेल तर ती ‘केसतूड’ समजून अंगावर काढू नये, शल्यचिकित्सकाला दाखवावी.

डॉक्टरकडे केव्हा जावे?

पुळी चार आठवड्यांत ओसरली नाही, ताप आला, लाली वेगाने पसरू लागली, गाठ कठीण होऊन वाढू लागली किंवा पुळ्या चट्ट्यासारख्या कडेने पसरत गेल्या, तर घरगुती उपाय थांबवावेत. मधुमेह असलेल्यांनी तर वाट पाहूच नये. दिल्लीत एम्स, सफदरजंग, डॉ. राम मनोहर लोहिया, लेडी हार्डिंग आणि लोकनायक या सरकारी रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. जाताना आजवर लावलेल्या सर्व मलमांच्या रिकाम्या नळ्या सोबत न्याव्यात. चेहऱ्यावर दिसणाऱ्या पुरळापैकी मूळ आजाराचे किती आणि मलमाचे किती, हे ठरवायला डॉक्टरांना त्यांची सर्वाधिक मदत होते.